उंबऱ्यावरची राख

एका राज्यात सोने उदंड होते आणि बाजार ओस होता. राजधानीच्या पायथ्याशी शर्वरी नदी वाहत असे. पात्र इतके रुंद, की पैलतीर सदा धुक्यात, आणि भोवरे असे, की भरली होडी गिळून पाणी पुन्हा शांत. त्या नदीवर पूल बांधायचा म्हणून थोरल्या राजाने प्रजेवर सेतुकर बसवला. कुणी मोहरा दिल्या, कुणी कानातल्या कुड्या काढून दिल्या. कोशागार भरले, आणि राजाला सोन्याची भूल पडली. रोज सकाळी तो ते पाहत बसे. पुलाचे नाव कुणाला काढू देत नसे.

कर्दम नावाच्या मांत्रिकाची एकुलती लेक सासरहून माहेराला निघाली आणि मध्यधारेत बुडाली. कर्दम ओलेत्याने दरबारात आला. म्हणाला, "राजा, पुलासाठी घेतलेस आणि पूल दिला नाहीस. आता हे सोने तुझे नाही, कुणाचेच नाही. कोशागाराचा उंबरा ओलांडील ती मोहर राख होईल." एवढे बोलून तो डोंगरात निघून गेला. नावाड्यांनीही भयाने होड्या उपड्या घातल्या, त्या कायमच्या.

शेवटच्या होडीतून सुकेतू पाथरवट पैलतीरी गेला होता. पूल नाही म्हणून खाण बंद, खाण बंद म्हणून हाताला काम नाही; "दोन पैसे गाठीला बांधून येतो," एवढेच तो बायकोला म्हणाला होता. तो तिकडेच अडकला. त्याची बायको कालिंदी मागावर पासोड्या विणी. विकत घ्यायला गिऱ्हाईक नव्हते, तरी विणी. सांज झाली की घाटाच्या पायरीवर बसून धुक्याकडे पाही. घरी येऊन दोन पाने मांडी, मग एक उचलून ठेवी.

वर्षे गेली. थोरला राजा वारला, त्याचा पुत्र अंशुधर गादीवर आला. त्याने घाटावर सभा बोलावली आणि विचारले, "हे सोने प्रजेचे आहे. त्याचे काय करावे?"

भागुबाई तेलीण उठली. केस पांढरे, आवाज खणखणीत. "महाराज, ज्याचे त्याला परत करा. माझा घाणा थांबलाय, घरात अंधार आहे. आमच्या घामाचे सोने आम्हाला द्या, कुठे घालायचे ते आमचे आम्ही बघू."

नावाड्यांचा तांडेल केरोबा ताडकन उठला. "घरोघरी वाटाल तर भ्यालेली माणसे ते चुलीखाली पुरतील. पूल बांधायला काढा, महाराज! हजार हातांना काम मिळेल, तेव्हा बाजार हलेल."

"पूल होईस्तोवर मी काय धोंडे खाऊ?"

"आणि वाटलेले संपल्यावर काय खाशील?"

सभेचे दोन तट पडले. भाऊ भावाशी बोलेना, विहिरीवर बायका एकमेकींना वाट देईनात. अखेर कालिंदी उभी राहिली. तिने आजवर सभेत तोंड उघडले नव्हते. "महाराज, हंडीचे झाकण निघत नाही आणि आपण भात कुणाला किती वाढायचा यावर भांडतोय. आधी शाप उतरवायला हवा. मी कर्दमाकडे जाते."

राजा म्हणाला, "बाई, डोंगरातून कोणी परतलेले नाही."

"माझेही माणूस परतलेले नाही, महाराज. मला वाट पाहायची सवय आहे."

डोंगराच्या पायथ्याशी एका ढोलीत धनेश पक्षिणीने स्वतःला लिंपून घेतले होते, आणि नर फटीतून तिला फळे भरवीत होता. त्याने कालिंदीला वाट सांगितली आणि पुन्हा फळे शोधायला उडाला. त्या बंद ढोलीकडे ती थोडा वेळ पाहत राहिली, मग चालू लागली.

कर्दम वडाखाली बसला होता. अंगावर वेल चढले होते. तो म्हणाला, "तीन गोष्टी. राजाने इथे अनवाणी येऊन आपल्या घराण्याचा अपराध बोलावा. भांडणाऱ्या दोन्ही तटांनी मान्य केलेले एक वाक्य मला ऐकव. तिसरी गोष्ट मग सांगेन."

कालिंदीने निरोप नेला आणि राजा अनवाणी आला. काट्यांनी पाय फाटले. मांत्रिकापुढे गुडघे टेकून म्हणाला, "माझ्या पित्याने घेतले आणि दिले नाही. तुमची लेक आमच्या लोभाने बुडाली." कर्दमाच्या खांद्यावरचा एक वेल गळून पडला.

दुसरे काम अवघड निघाले. कालिंदी घरोघरी फिरली. कोणी म्हणे वाटा, कोणी म्हणे बांधा, दारे आपटत. दमून ती भागुबाईच्या ओसरीवर टेकली. दिव्यात तेल नव्हते. तिने सहज विचारले, "मावशी, सोने मिळाले तर आधी काय कराल?"

म्हातारीने दिव्याच्या कोरड्या कडेवरून बोट फिरवले. मग म्हणाली, "घाणा चालू करीन. घाणा चालू झाल्याचे कळले, तर पलीकडे गेलेली माझी दोन्ही पोरे कशीही नदी ओलांडून येतील गं परत."

कालिंदी तशीच उठून केरोबाकडे गेली. "भाऊ, पूल कुणासाठी हवा?"

केरोबाने मान फिरवली. "धाकटा भाऊ पलीकडे आहे. भांडून गेला होता."

तिने दोघांना घाटावर आणले. मागून सारे गाव आले. आणि जे वाक्य कुणी सभेत उच्चारले नव्हते, ते सगळ्यांनी मिळून उच्चारले: "गेलेली माणसे परत यावीत." डोंगरात कर्दमाने ते ऐकले.

ती त्याच्यापुढे उभी राहिली, तेव्हा तो म्हणाला, "आता तिसरी गोष्ट, तुझी निवड. माझ्यात एकाच मंत्राचे बळ उरले आहे. म्हणशील तर सुकेतूला आत्ता इथे उभा करतो. म्हणशील तर सोने मोकळे करतो. दोन्ही होणार नाही."

कालिंदी वडाखाली बसली. एक शब्द बोलायचा, की तो समोर! त्याच्या हातांचे घट्टे, उघड्या पाठीवरची दगडाची धूळ, हाक मारताना नावाचा शेवट लांबवायची लकब, सारे जवळ आले. वडाची सावली लांबली तरी ती उठेना. भागुबाईची पोरे, केरोबाचा भाऊ... तिने पदराने तोंड दाबले.

"सोने मोकळे करा," ती म्हणाली, आणि मग रडली.

कर्दमाने तिच्या मस्तकावर हात ठेवला. "माझी लेक तुझ्याच वयाची होती," एवढे म्हणून तो वडात मिळून गेला.

कोशागारातून मोहर निघाली आणि उंबऱ्याबाहेरही पिवळीच राहिली. सभा पुन्हा बसली. काही वाटा गोरगरिबांच्या घरी परत गेला, भागुबाईचा घाणा फिरू लागला; उरलेले पुलाला लागले. वाद काही मिटला नाही, पण आता भांडणारे एकाच पंगतीत जेवत.

धनेशाने चोचीत धागा धरून पैलतीरी नेला. धाग्यामागून दोरी गेली, दोरीमागून दोर, आणि तिकडच्या माणसांनीही काम धरले. कालिंदी दरवेळी विचारी, "पलीकडे सुकेतू दिसला का?"

पक्षी म्हणे, "बाई, तिथे पुष्कळ जण दगड फोडतात. सगळेच धुळीने पांढरे. मी कसे ओळखू?"

दोन्ही तीरांवरून कमानी वाढत वाढत धुक्यात शिरल्या. शेवटची शिळा बसायची त्या सकाळी अवघी नगरी पुलावर लोटली. कालिंदी मागेच उभी राहिली. शिळा बसली, वाद्ये वाजली, आणि पैलतीरची माणसे चालत आली. भागुबाईने पोरांना ओळखले. केरोबा भावाच्या गळ्यात पडला.

सगळ्यांच्या शेवटी एक पाथरवट आला. केस पिकलेले, डोळे धुळीने लाल. तो तिच्यापुढे थांबला.

"कालिंदी, मला होडी मिळाली नाही गं."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. पदराच्या टोकाने तिने त्याच्या पापण्यांवरची धूळ पुसली. "चल, घर जवळच आहे."

त्यांचा विरह जसा सरला, तसा ऐकणाऱ्या साऱ्यांचा सरो.