पोर भरेना, मडकं भरे

रविवार होता. सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. देवळाची पहिली घंटा नुकतीच झाली होती. तिथून हे सारं सुरू झालं. ऐका बायांनो, मुठीच्या मडक्याची कहाणी.

आटपाट गाव होतं. गावात दगडी देऊळ होतं. देवळात प्रभू येशूची भक्ती चाले. तिथं शलोमी नावाची बाई राही. तिचं आठ महिन्यांचं लेकरू योएल, त्याचा त्या दिवशी बाप्तिस्मा. पायरीवर थोरली जाऊ दीना भेटली. पोराचा हात हाती घेतला नि म्हणाली, "अगं, पोर किती पांढरं दिसतंय!" शलोमीनं हात सोडवून घेतला. मनात म्हणाली, हिनं नजर लावली. मग जावेशी बोलणं टाकलं. एक अंगण, दोन चुली, मधून फिरे ती फक्त दीनाची कोंबडी.

मग पोर मलूल पडलं. रांगेना, खाईना, हसेना. शलोमीचा जीव थाऱ्यावर राहीना. मीठ-मोहऱ्या ओवाळायला हात शिवशिवले, पण धर्मगुरूंच्या बायकोचं, पाळकीणबाईंचं घर भिंतीला भिंत लागून, नि त्यांना असलं चालत नसे! मग ती मार्थामावशींकडे गेली. मावशी चाळीस वर्षं घरोघर पवित्र शास्त्र वाचून दाखवत.

"मावशी, मला काही वसा सांगा."

"चूल पेटवली की आधी मूठभर ज्वारी मडक्यात टाकावी. मुठीमागे एक नाव घ्यावं, त्या माणसासाठी प्रार्थना करावी. रविवारी मडकं देवळात न्यावं. ज्याची चूल थंड, त्याला ते जातं. रुसू नये, फुगू नये, घेतली मूठ आखडू नये."

"मग पोर बरं होईल ना?"

"देवाशी बाजार करू नये, बाई. मूठ टाक."

शलोमी मूठ टाकू लागली. नवऱ्याचं नाव घेतलं, सासूचं घेतलं, पाळकसाहेबांचं घेतलं. नावं सरली तेव्हा पोस्टमनचं घेतलं. पहिल्या रविवारी मडकं भरलं, पोर भरलं नाही. दुसऱ्या रविवारी मडकं भरलं, पोर भरलं नाही. तिसऱ्या रविवारी मडकं भरलं, पोर मान टाकू लागलं.

मग ती पोर कडेवर नि मडकं हातात घेऊन देवळाच्या पायरीशी आली. "मावशी, तुमचा वसा खोटा!"

"नावं कुणाकुणाची घेतलीस?"

शलोमीनं सगळी सांगितली.

"पोस्टमन आठवला. जाऊ नाही आठवली? तुझ्यामुळं तीन रविवार देवळात आली नाही ती."

शलोमी मडक्यात बघू लागली.

"मडकं इथंच ठेव. घरी जा. आधी समेट, मग अर्पण. आपल्या प्रभूची शिकवण आहे."

"उपासना चुकेल."

"चुकू दे."

मग ती माघारी गेली. दीना भांडी घाशीत होती.

"अक्का, माझं चुकलं."

"बोलायला येतं होय? मला वाटलं, जीभ बाप्तिस्म्यातच बुडाली!" दीनानं हात पुसले. "आण ते पोर."

तिनं पोराच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, नखं पाहिली.

"माझी लेक रिबेका अशीच पांढरी पडली होती. मला कळलं तेव्हा ती गेलेली होती. तेच सांगत होते गं त्या दिवशी. तू हात सोडवून घेतलास."

शलोमी रडली. मग दीनाही रडली. मग दोघी एकेक मूठ ज्वारी घेऊन देवळात आल्या. मडकं पायरीवर होतं, चिमण्या वर बसून खात होत्या. शलोमीनं मूठ टाकली, नाव घेतलं दीनाचं. दीनानं मूठ टाकली, नाव घेतलं योएलचं. मडकं आत नेलं.

सोमवारी पहिल्या एसटीनं दोघी तालुक्याच्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अंगात रक्तच नाही. आणखी पंधरा दिवसांनी आणलं असतं, तर माझ्या हातात काही उरलं नसतं." औषधाचे थेंब दिले, नाचणीची पेज नि अंड्याचा बलक सांगितला. बलक दीनाच्या कोंबडीनं पुरवला. दोन महिन्यांत योएल त्या कोंबडीच्याच मागं रांगू लागला. शलोमीनं मूठ सोडली नाही, नि पहिलं नाव जावेचं, हेही सोडलं नाही.

जसं तिचं मडकं भरलं, लेकरू भरलं, अंगण बोलतं झालं, तसं तुमचं आमचं होवो. ही तीन रविवारांची कहाणी एका मुठीत सुफळ संपूर्ण.

बायांनो, घरी जाऊन ही चार जणींना सांगा. जिच्याशी बोलणं टाकलंय, तिला आधी सांगा.