दुर्बिणीच्या दोन काचा

बाजारात दुर्बीण मिळत नव्हती तेव्हाची ही गोष्ट. भार्गव मेस्त्रींनी घरीच मोठी दुर्बीण करायला घेतली. तिच्यात भिंगाऐवजी बसवायच्या आरशासाठी त्यांनी दोन सारख्या जाड काचा आणल्या आणि मध्ये कुरुंदाची पूड घालून वर्षभर एकमेकींवर घासल्या. वरची खोलगट झाली, खालची तेवढीच फुगीर. वरच्या काचेवर चांदीचा मुलामा चढला आणि ती आरसा होऊन दुर्बिणीत बसली. "हिचं काम झालं," म्हणत मेस्त्रींनी खालची दाराला टेकण म्हणून लावली.

दुर्बिणीतून चंद्र पाहायला अख्खं गाव लोटलं.

"झिजलो आपण दोघीही," खालची म्हणाली, "आणि मिरवतेस एकटी तू."

"मिरवते कसली, बाई?" वरची दमल्या आवाजात म्हणाली. "चंद्र येतो आणि आल्यापावली परत जातो. माझ्या पोकळीत नेमकी बसेल अशी जगात एकटी तूच. आणि आता तू टेकलीस, तर माझ्या या मुलाम्यालाच ओरखडा पडेल."