तलावाकाठचा फोन

गेनूआबांनी जन्मभर विहिरी खोदल्या; पण कठडा बांधून झाल्याशिवाय एकही विहीर सोडून ते घरी गेले नाहीत. त्यांचा मुलगा सुदाम नाशिकजवळ बंगला घ्यायला निघाला, तेव्हा अंगणातला पोहण्याचा तलाव बघून आबा जागीच थबकले. त्यांच्या कडेवरची अडीच वर्षांची नात ओवी पाण्याकडं नुसती झेपावत होती.

“भोवतीनं जाळी लावून द्या, मग घेतो,” आबा म्हणाले.

बंगल्याचे मालक रणदिवेसाहेब हसले. “अहो आबा, जाळीनं सगळी शोभा जाते! पोरीवर जरा लक्ष ठेवायचं, झालं. चला, आत चहा घेऊ.”

“बरं,” म्हणत आबांनी साहेबांच्या हातातला नवाकोरा फोन अलगद घेतला आणि तलावाच्या अगदी काठावर ठेवला. “चला.”

“अहो, पडेल ना तो!” साहेब धावले.

“ठेवा की जरा लक्ष, आतनं.”

“चहा पिता पिता कसं राहील लक्ष?” साहेबांनी फोन छातीशी धरला.

आबांनी ओवीला दुसऱ्या कडेवर घेतलं. “आणि साहेब, तुमच्या फोनला तर पायसुद्धा नाहीत.”

साहेबांनी त्याच फोनवरून जाळीवाल्याला बोलावलं, तेव्हा कुठं आबा चहाला आत गेले.