पाळण्यातली पोती

“सहानंतर बाग फक्त आमच्या हॉटेलच्या पाहुण्यांची. किती वेळा सांगू, मावशी?” मॅनेजर सबनीस वैतागले.

“सहापर्यंत आम्ही त्याच पाहुण्यांच्या चादरी धुतो. मग आम्ही आकाशपाळण्यात बसायचं कधी?” धुलाईखान्यातली कोंडाबाई हटायला तयार नव्हती. तिच्यामागे सात जणी उभ्या होत्या.

“खोली घेतल्याशिवाय कुणीही पाळण्यात बसणार नाही. बस्स.”

तेवढ्यात पाहुण्यांपैकी एक जोडपं पाळण्यात बसलं. एकाच बाजूला वजन आलं तर पाळणा हिसके देतो, म्हणून चालकाने समोरच्या बैठकांवर वाळूची पोती ठेवली.

पाच मिनिटांत ती पोती खाली आली आणि आठही जणी वर गेल्या. कोंडाबाईने एवढंच विचारलं होतं, “साहेब, या पोत्यांनी कितव्या नंबरची खोली घेतलीय?”