बर्फाशिवायचे तीन तास

कृष्णाकाठच्या एका बाजारगावात हाशिम नावाचा खाटीक राहत होता. बोकड-मेंढ्या कापल्या की पोटातले स्वादुपिंड लोक फेकून देत. हाशिम मात्र ते अलगद सोडवून घ्यायचा, धुवायचा आणि लगेच बर्फात ठेवायचा. तालुक्याला रेवती देऊसकरांचा औषधांचा छोटा कारखाना होता. भरलेले डबे तो तिथे पोचवायचा.

स्वादुपिंडात ट्रिप्सिन नावाचे पाचक द्रव्य तयार होते. खाल्लेल्या अन्नातली प्रथिने पचवणे हे त्याचे काम. रेवतीबाई ते वेगळे काढून त्याची पूड करत. भाजलेल्या जखमेवर मेलेले मांस साचते. डॉक्टर ही पूड लावून ते विरघळवत, म्हणजे खालची जखम भरून यायला वाट मिळे.

गावाला हे ठाऊक नव्हते. हाशिमचे डबे दिसले की लोक नाकाला रुमाल लावत. त्याला वाईट वाटे, आणि तो मान खाली घालून पुढे जाई.

एका चैत्रात गुऱ्हाळावर उकळत्या रसाची काहील कलंडली आणि चार माणसे भाजली. डॉक्टर निमकरांनी रेवतीबाईंना निरोप पाठवला की दवाखान्यातली पूड संपत आली आहे, लवकर पाठवा. बाईंनी हाशिमला सांगितले. दुसऱ्याच दिवशी तो नेहमीच्या दुप्पट माल घेऊन टेम्पोने निघाला.

घाटात टेम्पो बंद पडला. मेकॅनिक येईपर्यंत बर्फाचे पाणी झाले, आणि त्या पाण्यात डबे तीन तास उन्हात राहिले. ड्रायव्हर म्हणाला की पुढच्या गावात नवा बर्फ भरू, कोणाला कळणार आहे? खरेच होते. मालाचा रंग बदलला नव्हता, वासही नव्हता. पण बाईंनी हाशिमला एकदा समजावले होते, की स्वादुपिंड तापले तर त्यातले ट्रिप्सिन स्वतःलाच खाऊ लागते आणि औषधाचा जोर जातो.

कारखान्यात पोचताच त्याने घडले ते सगळे सांगितले. रेवतीबाईंचा चेहरा उतरला. व्यवस्थापक कुलकर्णी म्हणाले की पेशंट खोळंबले आहेत, काहीच नसण्यापेक्षा कमी जोराची पूड बरी. बाई हाशिमकडे वळल्या. मग त्यांनी हाशिमला विचारले, त्याला काय वाटते.

हाशिम म्हणाला, "बाई, डॉक्टर ती पूड जखमेवर घालतील आणि गुण येण्याची वाट बघतील. औषधात दमच नाही, हे त्यांना कसं कळणार?"

बाईंनी थोड्या मालाची तपासणी केली. जोर निम्म्याहून कमी भरला. त्यांनी सगळा माल बाजूला काढायला लावला आणि डॉक्टरांना फोन करून खरे ते सांगितले. डॉक्टर चिडले, पण उरलेली पूड काटकसरीने वापरायला तयार झाले.

हाशिम त्याच पावली माघारी फिरला. तीन दिवस तो कत्तलखान्यातून हलला नाही. नवा माल भरला तेव्हा प्रत्येक डब्याभोवती त्याने भुसा आणि गोणपाट गुंडाळले, आणि वाटेत दोनदा टेम्पो थांबवून बर्फ बदलला. पाचव्या दिवशी पुरत्या जोराची पूड दवाखान्यात पोचली.

महिन्याभराने डॉक्टरांनी रेवतीबाई आणि हाशिमला बोलावून घेतले. त्यांनी हाशिमला सरळ वॉर्डात नेले. तिथे पारूबाई नावाची गुऱ्हाळावरची मजूर खाटेवर बसली होती. तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. आता त्यावर नवी, गुलाबी कातडी आली होती.

परक्या माणसाला बघून तिने विचारले, "तुम्ही पण डॉक्टर का?"

वॉर्डातली माणसे बघत होती. हाशिमने मान खाली घातली नाही.

"नाही मावशी. मी खाटीक आहे. तुमच्या औषधाचा माल मी आणतो."

पारूबाईने हाताची मूठ हळूहळू वळली आणि उघडली. मग तोच हात तिने त्याच्या हातावर ठेवला.

"म्हंजे ह्यो हात तुमीबी बरा केलाय की," ती म्हणाली.

तात्पर्य: कोणी बघत नसतानाही जो आपले काम चोख करतो, त्याने आपल्या कामाचे नाव ताठ मानेने सांगावे.