खुंटीवरचा तंबोरा

“चाचा, परत घ्याल का मला?”

बसूनं दोनदा विचारलं. दस्तगीरचाचा तंबोऱ्याच्या भोपळ्याला पॉलिश करत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

मी दारातच होते. आमटी द्यायला आले होते. निदान हातात वाटी तरी होती.

“जवळ जाऊन ओरड, बसू,” मी म्हटलं. “चाचांचे कान गेले. ओरडलं तरच थोडंफार पोचतं.”

बसूच्या हातातली पिशवी खाली सरकली.

“कधीपासून?”

“झाली की दोनेक वर्षं. कळवणार कुठं? पत्ता ठेवून गेला होतास का?”



चाचा तंबोरे करतात. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत, त्यामुळे पलीकडचं कान न लावताही ऐकू येतं. बसू त्यांचा शागीर्द. मिसरूड फुटायच्या आधी आला होता. तासणं, जोडणं, नक्षी, सगळं शिकला. राहिली ती जवारी.

तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवर टेकतात, ती कानसेनं अगदी जराशी घासायची. मग तारेखाली सुताचा धागा सरकवत न्यायचा. कुठल्या तरी एका जागी तार नुसती वाजायची थांबते आणि गुंजायला लागते. ती जवारी. भिंतीला भिंत लागून असल्यावर एवढं कुणालाही कळतं.

रोज संध्याकाळी बसू तार छेडायचा आणि चाचांचा एकच शब्द यायचा.

“पुन्हा.”

रागानं नाही. कौतुकानंही नाही.

एक दिवस पोरानं कानस आपटली. “तुमचं ‘पुन्हा’ तुमच्यापाशीच ठेवा,” म्हणाला आणि निघाला. मी खिडकीत होते. चाचा त्याच्यामागे उंबऱ्यापर्यंत आले… आणि तिथूनच मागं फिरले.

त्यानंतर बसू आज दिसत होता. कानशिलं पांढरी झालेली.

“काकी, तुम्हीच सांगा त्यांना. माझा आवाज निघत नाही.”

“काय सांगू?”

“म्हणावं… चुकलं माझं.”

मी चाचांच्या डाव्या कानाशी वाकले. “चाचा! बसू आलाय! म्हणतोय, चुकलं!”

समोरच्या दोन खिडक्या उघडल्या.

“बहिरा मी झालोय, सुमन,” चाचा म्हणाले. “गल्ली नव्हे.”

मग त्यांनी बसूकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“केस पिकले की रे तुझे.”

बसू खाली बसला.

“काय करतोस?”

“पुण्यात फर्निचरच्या कारखान्यात आहे.” मी ते ओरडून सांगितलं.

“काम बरं आहे?”

बसू माझ्याकडे बघून म्हणाला, “तिथं कुणी ‘पुन्हा’ म्हणत नाही, काकी. कसंही केलं तरी खपतं. पहिली काही वर्षं मजा वाटली…”

हे मी अर्धंच ओरडले. चाचांना तेवढ्यानंच कळलं असावं.

“मग आलास कशाला?”

“जवारी शिकायचीय. राहिलीय ती.” हे मी पूर्ण ओरडले.

चाचांनी हाताचं फडकं खाली ठेवलं आणि दोन्ही कानांना बोटं लावली.

“कशानं शिकवू?”

…

त्या खोलीत एक तंबोरा खुंटीला टांगलेला असतो. जुन्या चादरीत गुंडाळलेला. किती गिऱ्हाइकं मागून गेली, चाचांनी तो कधी उतरवला नाही. का, म्हणून मी खूपदा विचारलंय. सणासुदीला गोड बोलूनही विचारलंय. दाद दिली नाही त्यांनी.

आज त्यांनी स्वतःच बोट केलं. “काढ तो.”

बसूनं चादर सोडली आणि हात तिथंच थांबला.

“हा तर मी…”

“तू शेवटचा केलेला,” चाचा म्हणाले. “लागली होती याची.”

बसूनं माझ्याकडे पाहिलं. मी नीट ऐकलं का, हेच विचारत असावा.

“जवारी. तू गेलास त्या दिवशीची. बरोबर लागली होती.”

“मग ‘पुन्हा’ का म्हणालात?”

हे त्यानं स्वतःच ओरडून विचारलं. माझी गरज लागली नाही.

“एकदा लागली, ती तुझ्या हातानं लागली की आपोआप, ते बघायचं होतं. लगेच शाबासकी दिली की हात सैल पडतो, असं मला वाटायचं.” चाचा थांबले. “उद्या सांगू म्हटलं.”

“एक दिवस आधी सांगितलं असतं, तर…”

“एक दिवस थांबला असतास, तर…”



माझ्या हातातली आमटी गार झाली.

मग बसूनं तंबोरा मांडीशी घेतला. त्याला तो आवाज ऐकायचा होता. आपल्या हातून एकदा बरोबर निघालेला आवाज, जो त्यानं चुकीचा समजून टाकून दिला होता.

तारा गंजल्या होत्या. घोडीवरचे धागे हात लावताच तुटले. त्यानं सदऱ्याच्या टोकाचं सूत ओढलं, दातांनी तोडलं, तारांखाली सरकवलं. खुंट्या हळूहळू पिळल्या.

चाचा सरकत पुढं आले. त्यांनी भोपळ्यावर कपाळ टेकवलं आणि डोळे मिटले. तार गुंजली तर कानांना नाही, पण कपाळाला कळणार होतं.

बसूनं तार छेडली.

ठक्क.

रिकाम्या डब्यावर बोट मारल्यासारखं. त्यानं धागा किंचित मागं घेतला, पुढं नेला. पुन्हा तसंच. माझ्याकडे बघून त्यानं नुसती मान हलवली. डोळे भरले होते.

मला राहवलं नाही. मी चाचांच्या कानाशी वाकले आणि होता नव्हता तेवढा आवाज लावला.

“लागली हो, चाचा! अगदी तश्शी!”

चाचांनी कपाळ उचललं नाही. डोळेही उघडले नाहीत. हातानं जमीन चाचपत त्यांनी कानस शोधली आणि बसूच्या दिशेनं पुढं केली.

“पुन्हा.”