परीनं दिलेलं अंगण

एक शहर होतं बरं का, खूप उंच. इतकं उंच, की चांदण्यांनासुद्धा तिथून अंग चोरून जावं लागे. काचेचे महाल होते, चकचकीत जिने होते, गच्चीगच्चीवर निळेनिळे तलाव होते. फक्त गरिबाला पाठ टेकायला जागा नव्हती. हातभर जमीन घ्यायची म्हटली, तरी माणसाचा जन्म पुरत नसे.

त्या शहरात सोनकी नावाची एक मुलगी राहायची. डोंगरावर पिवळीपिवळी सोनकी फुलते ना, तशीच इवलीशी. तिला बाबा नव्हते. आई मोठ्या घरांतून पोळ्या लाटायची. मायलेकी एका पत्र्याच्या खोलीत राहत. शेजारच्या खोलीत शेवंताकाकू. सोनकी तान्ही होती तेव्हा आई तापानं अंथरुणाला खिळली, आणि काकूनंच सोनकीला मांडीवर वाढवलं. पलीकडच्या खोलीत तुळशीराम गवंडी. त्यानं शहरातले कितीतरी महाल बांधले, पण स्वतः पत्र्याखालीच राहिला.

एके दिवशी जागेचा धनी आला. म्हणाला, "इथं मोठी इमारत होणार. खोल्या रिकाम्या करा."

आई खोली शोधत दारोदार हिंडली. भाडं ऐकलं, की तशीच मागे फिरे. संध्याकाळी सोनकीचे केस विंचरताना ती हळूच म्हणाली, "सोने, तू गावाला मामाकडे राहा. मी पडून राहीन कुणाच्या तरी जिन्याखाली."

"मग माझी वेणी कोण घालणार?"

आईची फणी केसांत थांबली.

खोल्यांच्या मागं एक पडकी भिंत होती. भिंतीआड एक विसरलेली बाग. ती कुणाची, हे कुणालाच आठवत नव्हतं. सोनकी तिथं जाऊन रडत बसली. बघते तर काय, एक गोकर्णीचा वेल पार सुकून गेलेला! सोनकीच्या हातात पिण्याच्या पाण्याचा गडू होता. तिनं तो सगळा वेलाच्या मुळाशी ओतला. म्हणाली, "तू तरी नको जाऊस रे."

तसं एक निळंशार फूल टपकन उमललं. त्यातून बोटाएवढी परी बाहेर आली. चतुरासारखे झिरझिरीत पंख, अबोली रंगाचा परकर, केसांत दवाचे मणी लुकलुक करत होते.

"एक इच्छा माग, सोने," परी म्हणाली. "पण शब्द जपून बोल हं. तुझ्या तोंडून जो शब्द निघेल, तोच खरा होईल. मला त्यात बदल करता येत नाही."

सोनकीनं डोळे घट्ट मिटले. "आमचं एक घर होऊ दे!"

परी जरा उदास झाली. पण तिनं कांडी फिरवली. लखलख, लखलख! बागेच्या कोपऱ्यात एक चिमुकलं घर उभं राहिलं. पोपटी भिंती, शिंपल्यासारख्या खिडक्या, गुलबक्षी दार.

आईला खरंच वाटेना. ती भिंतींवरून हात फिरवत राहिली. कितीतरी वेळ दाराशी उभी राहून तिनं कडी लावली, काढली, पुन्हा लावली. हसली, आणि मग पदरात तोंड लपवून रडली.

सकाळी बाहेरून हाक आली. "सोने! अगं सोनके! निघाले गं मी!" डोक्यावर बोचकं घेऊन शेवंताकाकू उभी होती.

सोनकीनं धाडकन दार उघडलं. "काकू, ये ना आत! हे बघ घर!"

काकूनं तिच्याकडेच पाहिलं, पण सोनकी तिला दिसलीच नाही. घरही दिसलं नाही. "कुठं गेल्या गं मायलेकी? न भेटताच गेल्या!" डोळे पुशीत काकू वळली. सोनकीनं धावत जाऊन तिचा पदर धरला. हातात नुसता वारा आला.

सोनकी रडतरडत परीकडे गेली.

परी म्हणाली, "तू 'आमचं' म्हणालीस ना? 'आमचं' म्हटलं, की ऐकणारा बाहेर राहतो. 'आपलं' म्हटलं, की तोही आत येतो."

"मग आता आपलं म्हणते! आपलं, आपलं, आपलं!"

"थांब गं. त्यासाठी हे घर परत द्यावं लागेल. आणि आपलं घर काही नुसत्या कांडीनं होत नाही. त्याला सगळ्यांचे हात लागतात. ते विकायचं नाही. जो जाईल, त्यानं आपली खोली पुढच्या गरजवंताला द्यायची. कुणी 'माझं एकट्याचं' म्हणालं, की भिंती पाकळ्यांसारख्या गळतील. आहे कबूल?"

सोनकी आईपाशी आली आणि तिनं सगळं सांगितलं. आई खाली बसली.

"जन्मात पहिल्यांदा दाराला आतून कडी लावली गं मी," ती म्हणाली.

मग ती उठली. कडी काढली. सोनकीचं बोट धरून उंबऱ्याबाहेर आली. "जा, पळ. काकू वळणापर्यंतच गेली असेल."

मागं पोपटी घर धुक्यासारखं विरून गेलं. आईनं वळून पाहिलं नाही.

काकू परत आली, तुळशीराम आला, पांगलेले सगळे आले. परी म्हणाली, "हे माझं अंगण घ्या. इथं बांधा." तिच्या कांडीनं पडक्या भिंतीच्या विटा नव्या झाल्या, आणि कितीही उचलल्या तरी सरेनात. पण रचायच्या मात्र माणसांनीच. दिवसभर कामाला जायचं नि संध्याकाळी उजेड असेतो विटा वाहायच्या. हात सोलवटले. कुणाला उजेडाची खोली, कुणाला नळाजवळची, हे सगळे गोल बसून ठरवत. भांडत, आणि पुन्हा ठरवत.

"तुळशीराम, भिंत सरळ घाल रे!" काकू ओरडे. "लोकांचे महाल ताडासारखे सरळ, आणि आपलीच वाकडी नको!"

"भिंत सरळच आहे काकू, तुम्हीच कलून उभ्या आहात!"

घर वाढत गेलं, तशी बाग आटत गेली. आता फक्त काकूची खोली राहिली होती. आणि तिच्या जागेवर फक्त तो गोकर्णीचा वेल.

तुळशीरामनं हातातली थापी खाली ठेवली.

"नाही!" सोनकी वेलापुढं आडवी झाली. "परी, तू आपल्यातच राहा ना. माझ्या उशीवर नीज."

परीनं तिच्या गालावर इवलासा हात ठेवला. "परीला रिकामी माती लागते, सोने. भिंतीत नाही राहता येत तिला. मला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

"मग तू कुठं जाशील?"

"उजेड जातो तिथं."

परीनं पंख पसरले. वेलावरचं एकेक निळं फूल दिव्यासारखं पेटलं. निळा, जांभळा, सोनेरी उजेड त्या अर्ध्या भिंतींवरून वाहत गेला, प्रत्येक कोनाड्यात शिरला, आणि मग हळूहळू मावळला. वेल नव्हता. परी नव्हती. तिथं मऊ, उकरलेली माती होती.

काकूची खोली झाली, तेव्हा तिथंच सगळ्यांची पंगत बसली. आईनं गरम पोळ्या केल्या होत्या. सोनकीनं पोळी बाजूला सारली, आणि वेल होता त्या जागेकडे बघत ती रडू लागली.

काकूनं तिला मांडीवर ओढलं. "रड, बाळ. पोटभर रड. आता कुणी इथून उठ म्हणणार नाही."

सोनकी रडतारडताच झोपी गेली. उजाडलं, ऊन अंगावर आलं, तरी तिला कुणी उठवलं नाही.